काळ्या खिडकीतली थेरं

काय दिवस आलेत पाहा! पूर्वी घरातला मुलगा रात्री अकरानंतर दार लोटून बसला की आईच्या पोटात गोळा यायचा, आणि गोळा यायला कारणंही भरपूर असायची. आता दार ढकलून आत डोकावावं तर लॅपटॉपवर काळीकुट्ट खिडकी, तिच्यात लुकलुकणारा एक ठोकळा, आणि चिरंजीव तिथे बसून साइनचा आलेख काढतायत. तोही कशाने? फुल्यांनी! ना रंग, ना बटण, ना बोटाने मोठंछोटं करायची सोय. खिशात हजारो रुपयांचा फोन आहे, त्यात फुकट मिळणारी देखणी ॲपं आहेत, आणि हा मुलगा कीबोर्डवर एकेक अक्षर बडवून चिन्हांची नक्षी काढतोय. बरं, अभ्यास म्हणावा तर तोही नाही. सिलॅबसमध्ये नाही, वायवाला विचारत नाहीत, मार्क नाहीत. मार्क नसताना गणित करायचं! आमच्या घराण्यात असलं काही झालेलं नाही हो.

आधी वाटलं, साथ आमच्याच मजल्यावर आहे. मग कळलं की बी विंगमधली इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही त्यातलीच. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, तेही संध्याकाळचं फिरणं सोडून त्या काळ्या खिडकीपुढे बसतात. सरांच्या पत्नीने मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, “अहो, रात्री झोपेत ‘सेट वायरेंज’ म्हणाले.” चाळीस वर्षांच्या संसारात असलं काही ऐकायला लागलं नव्हतं त्यांना.

तर या भानगडीचं नाव ग्नूप्लॉट. सायंटिफिक कॅल्क्युलेटरची कामं करतं, आलेख काढतं, आणि दिसायला या दोहोंपैकी कशासारखंच दिसत नाही. उघडलं की काही ओळींत आपलं नाव, आवृत्ती, कर्त्यांची नावं सांगतं, ‘ग्नूप्लॉट>’ एवढं लिहितं आणि गप्प बसतं. स्वागत नाही, ‘इथे दाबा’ नाही. तुम्ही तोंड उघडल्याशिवाय ते उघडणार नाही. शिवाय पैसे पडत नाहीत, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल माझ्या मनात नेहमीच पाल चुकचुकते. उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नूप्लॉट’ ही एक ओळ लिहिली की आलं. मॅकवर होमब्रू नावाच्या दलालामार्फत येतं. आणि अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप घेऊन त्यात ‘पीकेजी इन्स्टॉल ग्नूप्लॉट’ म्हटलं की तिथेही शिरतं. म्हणजे आता डोंबिवली लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने लॉगरिदम काढणारी माणसं भेटली तर दचकू नका.

खानदान विचारायची आपली पद्धत आहे, म्हणून तेही काढलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला व्हिलानोव्हा विद्यापीठ आहे. तिथे १९८६ साली टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोघांनी हा उद्योग केला. विद्युतचुंबकत्वाची आणि डिफरन्शियल इक्वेशनची गणितं नुसती सोडवून भागेना, ती डोळ्यांनी बघायची होती. ठीक आहे, हौसेला मोल नाही. पण बारशाची कथा ऐका. एकाला नाव हवं होतं लामाप्लॉट, लामा म्हणजे तो दक्षिण अमेरिकेतला उंटाचा चुलता. दुसऱ्याला हवं होतं एनप्लॉट. शेवटी न्यूप्लॉटवर तडजोड झाली, तर त्याच नावाचा एक भयंकर पास्कल प्रोग्राम विद्यापीठात आधीच नांदत होता. मग उच्चार तोच ठेवून स्पेलिंग फिरवलं आणि ग्नूप्लॉट केलं. झालं! जगप्रसिद्ध जीएनयू प्रकल्पाचं आडनाव लागलं, पण त्या घराशी याचा जन्माचा संबंध नाही. सोर्स कोड कोणालाही मिळतो, पण त्यात फेरफार केलेत तर ते मूळ कोडात मिसळून वाटायचे नाहीत, वेगळी ठिगळं म्हणून द्यायचे, अशी याची स्वतंत्र अट. आडनाव एकाचं आणि कायदे आपले! आमच्याकडे एवढ्यावरून स्थळं मोडली आहेत.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅसिओने आलेख काढणारा पहिला हातातला कॅल्क्युलेटर विकायला काढला होता, एफएक्स-७०००जी. त्याचा पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा, सगळा संसार तेवढ्यात. पुढे अमेरिकेत अशा कॅल्क्युलेटरांशिवाय शाळेचं पान हलेना. तिथल्या एपी कॅल्क्युलस परीक्षेचा एक भागच मुळी आलेखवाला कॅल्क्युलेटर घेऊन सोडवायचा असतो. आपल्याकडे? बारावीच्या फिजिक्सच्या पेपरवर छापलेलंच असतं, लॉगटेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. जेईईला तर बोटं मोजूनच आकडेमोड. गेटला पडद्यावर कॅल्क्युलेटर देतात, पण त्याची बटणं माउसने दाबायची, म्हणजे तीनचा वर्ग करेपर्यंत पुढच्याचा पेपर संपतो. त्यामुळे आलेखवाल्या कॅल्क्युलेटरचं वेड आपल्या मुलांना लागायची सोयच नव्हती. गोवर लहानपणी निघाला नाही की मोठेपणी जास्त त्रास देतो, तसं हे आता उफाळून आलंय.

आता खरी लफडी ऐका.

मी म्हटलं, एवढं हुशार आहे तर साधं काहीतरी विचारू या. मुलाला बाजूला सारून ‘प्रिंट ७/२’ लिहिलं. उत्तर आलं, ३. साडेतीन नाही, नुसते तीन! मी तिथल्या तिथे निकाल दिला, की बुद्धी अर्धवट आहे. तर मुलगा थंडपणे म्हणतो, “आई, तू दोन्ही पूर्णांक दिलेस, त्याने पूर्णांक परत दिला. ७.०/२ विचार.” विचारलं, ३.५ आलं. म्हणजे चूक माझी! दुकानात सात रुपयांचे दोन वाटे करायला सांगितले आणि दुकानदाराने प्रत्येक वाट्यातले आठ आणे गल्ल्यात टाकले, वर ‘तुम्ही पैशात सांगितलंच नव्हतं’ म्हणाला, तर आपण ऐकून घेऊ का?

दुसरं प्रकरण याहून वाईट. कॉलेजच्या सवयीने बी विंगमधली ती मुलगी दोनचा दहावा घात काढायला टोपीचं चिन्ह घालते, २^१०. अपेक्षा १०२४ ची. उत्तर ८. आठ! कारण इथे टोपी म्हणजे घात नाहीच. दोन्ही आकडे बायनरीत मांडून जिथे अंक वेगळे तिथे एक आणि जिथे सारखे तिथे शून्य, असला काहीतरी हिशोब ती टोपी करते. ००१० आणि १०१० घ्या, येतात १०००, म्हणजे आठ. घातासाठी दोन गुणाकाराची चिन्हं जोडून लिहायची, २**१०. आणि वाईट याचं वाटतं, की चुकल्याची खूण कुठेही नाही. लाल अक्षर नाही, ‘तुम्हाला असं म्हणायचं होतं का’ नाही. तोंडावर आठ सांगून मोकळं.

सरांचा घोटाळा मात्र पिढीचा आहे. ते वाढले लॉगटेबलावर. बोट ठेवून मीन डिफरन्स मिळवणारी ती पिढी, १०० चा लॉग २ हे झोपेत सांगणारी. त्यांनी विचारलं ‘प्रिंट लॉग(१००)’, आणि आलं ४.६०५ आणि पुढे शेपूट. सर चष्मा पुसून पुन्हा बसले. इथे नुसता लॉग म्हणजे ई या पायाचा, नैसर्गिक. दहाच्या पायाचा हवा तर ‘लॉग१०’ असं स्पष्ट म्हणायला लागतं. मग त्यांनी साइन ३० विचारला. अर्धा येणार हे दहावीतलं पोरही सांगेल, नाही का? आलं उणे ०.९८८. कारण ते ३० रेडियन धरतंय. ‘सेट अँगल्स डिग्रीज’ म्हटल्यावर ०.५ आलं आणि सरांच्या घरात चहा झाला. पण हर्ष फार टिकला नाही. त्याच भरात त्यांनी साइनचा आलेख मागितला, तर लाटेऐवजी तिरकी सरळ काठी उभी राहिली. एक्सची मर्यादा आपण न सांगता उणे १० ते १० असते, आणि अंशांच्या भाषेत दहा अंशांत साइन वळणार तरी किती? सरांनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला हे इतक्या आनंदाने सांगितलं, की मी तळमजल्याऐवजी गच्चीवर पोचले.

फुल्यांचा मुद्दा राहिलाच. खरं म्हणजे लॅपटॉपवर हे रीतसर वेगळी खिडकी उघडून रंगीत, गुळगुळीत आलेख काढून देतं. ती सोय असताना ही मंडळी मुद्दाम ‘सेट टर्मिनल डम्ब’ म्हणून ती नाकारतात! त्यानंतर सगळं मजकुराच्याच अक्षरांत. ७९ अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, एवढा पाट. ‘प्लॉट साइन(एक्स)’ लिहून एंटर मारला की आधी चार कोपऱ्यांत अधिकची चिन्हं येतात, वरखाली आडव्या रेघांची आणि दोन बाजूंना उभ्या दांड्यांची चौकट बसते, डावीकडे १ पासून उणे १ पर्यंत आकडे, खाली उणे १० ते १०. आणि मधून फुल्यांच्या तीन लाटा, जरा जास्तच. माथ्यावर तीन-चार फुल्या शेजारी शेजारी पसरतात, उतारावर एकाखाली एक घरंगळतात, आणि उजव्या कोपऱ्यात ‘साइन(एक्स)’पुढे सात फुल्यांची शेंडी, ही कोणाची रेघ ते सांगायला. स्वल्पविराम देऊन कोसाइनही मागितला की तो वेगळ्या चिन्हाने येतो आणि दोघं एकमेकांना छेदत जातात. हे मी मुद्दाम बघितलेलं नाही. दिसलं.

आणि खोटंही बोलतं बरं का! ‘प्लॉट १/एक्स’ म्हणा. शून्यापाशी एक फांदी खाली पाताळात जायला हवी, दुसरी वर आकाशात, मध्ये काही नको, हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं. तर हे दोन्ही फांद्या मधोमध उभी रेघ ओढून जोडून टाकतं. लग्न लावून दिल्यागत! मुलीने खोलात जाऊन शोध लावला. हे सगळे एक्स तपासत नाही, फक्त १०० ठिकाणी पाऊल टाकतं आणि दोन पावलांमध्ये रेघ ओढतं. शंभर पावलांत शून्य नेमकं दोन पावलांच्या मध्ये सापडतं, त्यामुळे त्याला खड्डा दिसतच नाही. ‘सेट सॅम्पल्स १०१’ केलं की एक पाऊल बरोबर शून्यावर पडतं, तिथे उत्तर नाही हे कळतं आणि रेघ तुटते. एका पावलाने! पोरीचा चेहरा असा उजळला होता की तिच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, “कोणी आहे का हो तिच्या आयुष्यात?” आहे. म्हणजे जाता जाता राहिला, तेही सांगते.

आमच्या चिरंजीवांनी तिला हृदय पाठवलं. साधं इमोजी पाठवावं, जग पाठवतं. नाही! यांनी ‘सेट पॅरामेट्रिक’ केलं, मग एक्ससाठी १६*साइन(टी)**३, वायसाठी १३*कॉस(टी)-५*कॉस(२*टी)-२*कॉस(३*टी)-कॉस(४*टी), आणि फुल्यांचं हृदय काढून व्हॉट्सॲपवर चिकटवलं. तिथे पहिली फजिती. व्हॉट्सॲपच्या अक्षरांत प्रत्येकाची रुंदी वेगळी, त्यामुळे चौकट कोसळली आणि फुल्यांचा नुसता सडा पडला. शिवाय घाईत ते गेलं सोसायटीच्या ग्रुपवर. अध्यक्षांनी ‘पाण्याच्या वेळापत्रकात बदल आहे का?’ असं विचारलं. मग कोणीतरी शिकवलं की मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन उलटी तिरकी अवतरणचिन्हं घातली की सगळी अक्षरं सारख्या रुंदीची होतात. तसं करून ते पुन्हा, या वेळी योग्य पत्त्यावर, रवाना झालं. फोनच्या पडद्यात ७९ अक्षरांची ओळ मावत नाही म्हणून रुंदी कमी करायलाही ते विसरले नाहीत. इतकं लक्ष हाच मुलगा भाजी आणताना देत नाही.

तिचं उत्तर मी वाचलेलं आहे. कसं ते विचारू नका. तिने लिहिलं होतं, ‘अक्षांवर प्रमाण लिहिलेलं नाही, अर्धा मार्क कापला. शिवाय पसरट आहे. आणि टी उणे ५ ते ५ का घेतलास? दोन पायमध्ये एक फेरी पूर्ण होते, तू दीडेक वेळा गिरवलंयस.’ दहावीच्या बोर्डाने घातलेले संस्कार आहेत हे, ‘प्रमाण: एक्स-अक्ष १ सेमी = १ एकक’ लिहिल्याशिवाय आपल्याकडे प्रेमसुद्धा ग्राह्य धरत नाहीत. यावर मुलगा दोन दिवस जेवेना असं झालं असतं तर मी समजले असते. त्याने टीची मर्यादा दुरुस्त करून पुन्हा पाठवलं! हल्ली दोघं कॉम्प्लेक्स नंबरांवर बोलतात. उणे एकचं वर्गमूळ विचारलं की हे प्रोग्रामराव हात वर करत नाहीत, महिरपी कंसात ०.० आणि १.० असं जोडीने देतात. जोडीने! मी फक्त ऐकते आणि पोळ्या लाटते.

या वेडाच्याही दोन पंथांत भांडणं आहेत. एक पंथ डेस्मॉसवाला, २०११ साली निघालेलं ते वेबवरचं रंगीत प्रकरण. समीकरण लिहिता लिहिता रेघ हलते, सरकपट्टी ओढली की वळते. आता अमेरिकेच्या डिजिटल सॅट परीक्षेतच ते बसवलेलं आहे, त्यामुळे परदेशी जाणारी मुलं तिकडे. त्यांच्या मते काळ्या खिडकीवाले म्हणजे सोवळेकरी. दुसऱ्या टोकाला बीसीवाले. हा तर १९७० च्या दशकातला, बेल लॅब्जच्या युनिक्समधला, रॉबर्ट मॉरिस आणि लॉरिंडा चेरी यांनी लिहिलेला. आलेख वगैरे नाहीच, फक्त आकडे, पण हवे तितके लांब. त्याच्याकडे पाय मागायची रीत अशी की ‘बीसी -एल’ उघडून ४*ए(१) लिहायचं, ए म्हणजे आर्कटॅन्जन्ट. दशांशचिन्हापुढे वीस अंक येतात, ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४४. आणि त्यातला शेवटचा अंक चुकलेला असतो! खरा ६ आहे, हा ४ देतो, कारण वीस अंकांपुढचं तो कापतो आणि मग चारने गुणतो. बीसीवाल्यांना हे माहीत आहे, आणि ते ही गोष्ट लपवायच्या ऐवजी अभिमानाने सांगतात. काय बोलणार? त्याच्यातही ‘-एल’शिवाय ७/२ नुसतं विचारलं तर ३ च येतात, साडेतीन हवे तर मुद्दाम ‘स्केल’ वाढवून द्यायचा. म्हणजे हा रोग घराण्यातलाच.

मला विचाराल तर, आणि कोणी विचारलेलं नाही, यांना गोडी लागते ती याच हट्टीपणाची. ॲप तुमच्या मनातलं ओळखायला धावतं. हे ओळखत नाही. जे लिहाल तेच ऐकतं, आणि मग आपण नेमकं काय लिहिलं याचा शोध घ्यायला भाग पाडतं. सरांना निवृत्तीनंतर इतक्या ठामपणे ‘तुम्ही असं म्हणाला नव्हतात’ सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. पत्नी सांगतात, पण त्यांना सर मॅन्युअल दाखवायला सांगू शकत नाहीत. इथे ‘हेल्प प्लॉट’ लिहिलं की पानंच्या पानं पुढ्यात येतात. सर ती वाचतात. वाचून मला पुन्हा लिफ्टमध्ये गाठतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण परवा प्रकरण वार्षिक सभेत शिरलं. मुद्दा टँकरचा. सरांनी महिन्यांचे आकडे आणि त्यांच्यापुढे टँकरची संख्या अशी दोन रकान्यांची साधी फाइल बनवली, ‘प्लॉट टँकर.डॅट विथ लाइन्स’ म्हणून आलेख काढला, छापला, आणि सूचनाफलकावर लावला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात थेट चढणारी फुल्यांची रांग! जणू वर्षभरात सोसायटी वाळवंट झाली. चर्चेला तोंड फुटलं. कोणाचे फ्लश गळतात, कोण रोज गाड्या धुतो, सगळी नावं निघाली. खजिनदारांचं तोंड पडलं.

दुसऱ्या दिवशी त्याच फलकावर, त्याच आकड्यांचा दुसरा आलेख. जवळजवळ आडवी रेघ, वरच्या भागात शांतपणे चाललेली. तळाला ‘सेट वायरेंज [०:*]’ अशी सही केल्यासारखी ओळ. खजिनदारांच्या मुलीने काढलेला. तीच ती, बी विंगवाली, पायची चूक दाखवणारी. तिचं म्हणणं, आकडे ३८ वरून ४३ वर गेलेत. मर्यादा आपण सांगितली नाही की प्रोग्राम वायचा अक्ष ३८ पासूनच सुरू करतो, त्यामुळे पाचची वाढ अख्ख्या पानाएवढी दिसते. सर म्हणाले, वाढ दिसावी म्हणूनच आलेख असतो. ती म्हणाली, मग शून्य कुठे गेलं? सर म्हणाले, शून्य टँकर आलेला महिना दाखव. सभेत यावर पाऊण तास गेला आणि लेखापरीक्षकांच्या नेमणुकीचा ठराव तसाच राहिला. आमचा चिरंजीव कोणाच्या बाजूने हे वेगळं सांगायला नको. सरांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय, लिफ्टमध्येसुद्धा.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. दोन्ही पक्ष लॅपटॉप घेऊन येणार, म्हणून सेक्रेटरींनी सभागृहात एक्स्टेंशन बोर्डची सोय करायला सांगितली आहे. आणि सरांच्या पत्नींनी काल मला जिन्यात विचारलं, अगदी सहज, वीजबिलाचे बारा महिन्यांचे आकडे त्या फाइलमध्ये कसे भरतात म्हणून. वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीचा संशय आहे त्यांना. वायचा अक्ष कुठून सुरू करणार, मी विचारलं. म्हणाल्या, “ते आधी रेघ बघून ठरवू.”